कापलेली नस

भरे, माघ महिना, सन १९२७

सौभाग्यवती सगुणा हीस,

आपली ठकू गोवरानं गेली आन् तू कोळवणला माहेरी गेलीस. गाडीत बसताना म्हनलीस, "पुन्याच्या डॉक्टरला इचारा, तुमची कापलेली नस परत सांधती का. एक पोर होऊ द्या, मग मी मेले तरी चालंल."

नस कापायचं आपुन दोघांनी ठरवलं हुतं. ठकूच्या येळंला तू मरता मरता वाचलीस. पुढचं बाळंतपण झेपायचं न्हाई, असं डॉक्टर म्हनले. पोरं थांबवाय बाईचं पोट फाडन्यात जिवाला धोका. गड्याचं काम लहान, थोडी सूज येईल, काही दिस औत धरू नका, एवढंच. तरी तूच रडलीस, "तुमास्नी काय झालं तर?" मी पडून हुतो तवा ठकू माझ्या उशाशी खेळायची.

काल पुन्याला गेलो. डॉक्टर म्हनले, "सांधून पाहता येईल. यश येईलच असं नाही." मी इचारलं, "आन् पोर ऱ्हायलं तर सगुणा वाचंल?" त्यांनी न्हाई म्हनून मान हलवली.

पोर मलाबी पायजे गं. पर तुझ्या जिवावर नको.

तुला वाचता येत न्हाई. भावाला ह्ये वाचाय लावशील, म्हनून पत्र धाडत न्हाई. उद्या मीच येतो. नस सांधत न्हाई म्हनले, असं तुला सांगनार हाय. तू रडशील. रड. पर माझ्यासंगं घरी चल.

तुझाच,
गेणबा