नुसत्या पेटीचे चाळीस सेकंद

३ मार्च
ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.
निवृत्त होताना तुम्ही दिलेल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या पेटीने आज एकाच्या पोटावर पाय आणलाय. साच्यावरच्या कारागिराने वीज अडवणारे बारा ठोकळे ओतले. मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे पेटी चार्ज केली, तो चार्ज ठोकळ्यातून गळू दिला आणि निम्मा चार्ज उरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. दहा मिनिटं तरी लागायला हवीत. बाराही ठोकळ्यांना चाळीस सेकंद! सोमवारी त्याला काढून टाकणार आहेत.
माल चोख आहे, असं तो शपथेवर सांगतो. बावीस वर्षांपूर्वी याच साच्यावर बाबाही हेच सांगत होते ना? तुम्ही त्यांचा माल नापास केलात, त्यांची नोकरी गेली, आणि तेव्हापासून तुम्हा भावांचा अबोला. पण पेटी तुमची, म्हणजे शंकाच नको.
गोळ्या चुकवू नका. लोभ आहेच, तो गळू देऊ नका.
तुमची ठमी

५ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
अगं, बाराही सारखे? वाचून हातातला चहा सांडला! एका भट्टीतले दोन ठोकळेही इतके सारखे निघत नाहीत. ठोकळा न लावता नुसती पेटी मोजलीस का? मी कधीच मोजली नाही गं. झाकणावर तपासणीचा शिक्का होता, त्यावर विसंबलो. पत्र मिळताच मोज.
तुझा काका

७ मार्च
ती. काका, शि. सा. न.
नुसती पेटी: चाळीस सेकंद. गळत होती ती पेटीच! दुसऱ्या कपॅसिटरवर एकूणएक ठोकळे पास झाले. कारागिराची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याची नोकरी वाचली.
मग तुमची तपासणीची जुनी वही उघडली. बाबांचे नऊ ठोकळे, नऊ वेळा चाळीस. काका, मी सुन्न झालेय. तुमचा रागही येतोय आणि रडूही. बाबांना बोलले नाही. ते तुम्हीच सांगायचं.
ठमी

८ मार्च
धाकट्या,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही. तुझा माल चोख होता. माझी पेटी गळत होती, आणि तू घसा फोडून सांगत असताना मी तुलाच खोटं पाडलं. शनिवारी दुपारी येतोय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.
नुसती पेटी मोजायला मला चाळीस सेकंदच लागले असते रे.
तुझा दादा