खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमी, संध्याकाळ

आज अंबडच्या कारखान्यात यंत्रपूजेचा नारळ मी फोडला. प्लांट हेड झाल्यावरची ही पहिलीच पूजा. मन मात्र सारखं जुन्या खंडेनवमीत. तेव्हा मशीनवर बायका दोनच, मी आणि सिन्नरच्या सुनंदाताई. लेथपुढची रांगोळी आमची, नारळ कायम साहेबांचा. बोटं रंगवून घेत किती हसायचो! ताई ऑपरेटर म्हणूनच रिटायर झाल्या. त्यांनी शिकवलेली पोरं सुपरवायझर झाली. मग त्याच का नाही?

नारळ पहिल्या फटक्यात फुटलाच नाही. सगळ्यांसमोर! अजून चिडचिड होतेय.

आत्ता ताईंना फोन करून नारळाचंही सांगितलं. खळखळून हसल्या.

"अगं, फुटंल कसा? इतकी वर्षं आपल्या हातात दिला व्हता का कुनी?"