अडाणच्या पुरातली पुस्तकं

सर, तुम्ही थाप मारली होतीत, आणि ती आज भर सभेत पकडली गेली. पकडली तीही पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं. मला इतका आनंद झालाय की संध्याकाळपासून घरात एका जागी बसवत नाही, आणि हे सांगावं असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण त्यानं काय होतं? तुमच्याशी वाद घालायची माझी सवय काही गेली नाही.

तुमच्या इतिहासाच्या तासाला 'असं म्हणतात' हे दोन शब्द कोणाच्या तोंडून निघाले की त्याचं काही खरं नसे. तुम्ही खडू खाली ठेवत. "कोन म्हनते? नाव सांग." नाव सांगता आलं नाही तर तासभर उभं राहायचं. मी एकदा गाईडमधलं वाक्य निबंधात उतरवलं, तेव्हा तुम्ही ते सगळ्या वर्गासमोर पुन्हा पुन्हा वाचायला लावलंत आणि दरवेळी विचारलंत, हे तुले कोनं सांगतलं? मी रडकुंडीला आले होते. त्याच रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. अजून दिसतं ते स्वयंपाकघर. तुमच्या घरच्या बाई चुलीपाशी भाकरी थापताहेत, तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवलाय आणि पातेल्याकडे पाठ करून मला गोष्ट सांगताय. कॉलेज नवीन होतं, ग्रंथालय तुमच्याच अंगावर टाकलेलं होतं, आणि पहिली पुस्तकं तुम्ही यवतमाळहून बैलगाडीत आणत होतात. बोरी अरबजवळ अडाण नदीला पूर आला. गाडी अडली, पाणी चढलं, आणि तुम्ही पुस्तकांचं गाठोडं डोक्यावर धरून पाण्यात उभे राहिलात. चहा उतू गेला, बाई ओरडल्या, तरी तुम्ही पुरातून बाहेर यायला तयार नव्हता. ज्या वस्तूंसाठी माणूस पुरात उभा राहतो, त्यांच्यातच आपण राहायचं, असं मी तिथेच ठरवलं. ग्रंथालयशास्त्राला गेले ती त्या पुरापायी. पुढे तुमच्याच खुर्चीवर आले तेव्हा तुम्ही तुमचा तारखेचा शिक्का माझ्या हातात ठेवलात. तो अजून चालतो.

आता तुमच्या त्या 'कोन म्हनते'चा अभ्यासक्रम झालाय, सर. माहिती साक्षरता म्हणतात त्याला. माहिती शोधायची कशी, पारखायची कशी, वापरली तर कुठून घेतली हे सांगायचं कसं, हे सगळं कॉलेजात शिकवायचं. जगभर यावर संशोधन चाललंय, आणि मी ते सगळं अधाशासारखं वाचते. मुलांच्या खिशात फोन आहे. त्याला विचारलं की तो क्षणात उत्तर देतो, वर संदर्भग्रंथांची यादीही देतो. एका मुलानं आणलेल्या यादीतलं एक पुस्तक मी आठवडाभर शोधलं. ते कोणी लिहिलेलंच नव्हतं. तुम्ही असता तर त्या फोनला तासभर उभं केलं असतं.

दोन वर्षं हा वर्ग मी प्रायोगिक म्हणून घेत होते. तो वेळापत्रकात कायमचा राहणार की बंद होणार, हे आजच्या सभेत ठरायचं होतं. वाणिज्यचे विभागप्रमुख पहिल्यापासून म्हणत होते की फोनमध्ये सगळं असताना हे थेर कशाला. म्हणून मी मुलांनाच बोलायला उभं करायचं ठरवलं. प्रत्येकाला एकच काम दिलं होतं, ऐकीव गोष्ट घ्या आणि ती पहिल्यांदा कोणी सांगितली तिथवर मागे जा. कोणी तुरीच्या भावाचा मेसेज घेतला, कोणी काढ्याचा. या मुलीनं तुमचा पूर घेतला.

ती बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. कॉलेजच्या वर्धापनदिनी ऐकलेली गोष्ट तिनं घरी सांगितली, तर आजोबा हसायलाच लागले. त्यांच्या वाडवडिलांचा जन्म बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरण्यात गेलेला. पुरात बैल घालनारा गाडीवान मले दाखव, म्हणाले. झालं, पोरगी मागे लागली. प्राचार्यांनी ती गोष्ट आधीच्या प्राचार्यांकडून ऐकलेली, त्यांनी ती वार्षिकांकात वाचलेली, वार्षिकांकानं ती आधीच्या अंकातून उचललेली. शेवटी ती आर्णीला जाऊन तुमच्या ग्रंथालयातल्या शिपाईकाकांना भेटली. मुलाच्या दुकानात बसलेले असतात ते आता. त्यांचं बोलणं तिनं त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड केलं आणि मला ऐकवलं. मी आधी पोट धरून हसले आणि मग घाबरले. आमचे प्राचार्य तुमचेच विद्यार्थी, मागच्या बाकावरचे. त्यांचा तुमच्यावर भारी जीव, आणि दर वर्धापनदिनी ते हा पूर डोळ्यांत पाणी आणून सांगतात. त्यांना लागलं तर वर्ग बुडालाच. मी मुलीला विचारलं, दुसरा विषय घेतेस का? ती म्हणाली, "काहून मॅडम? काही चुकलं का?" काहीच चुकलं नव्हतं, मग मी तिचं नाव सभेच्या यादीत घातलं.

आज सभेत प्राचार्य प्रास्ताविकाला उभे राहिले आणि त्यांनी कुठून सुरुवात करावी? अडाणच्या पुरातून. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं म्हणाले. मग मुलगी उठली. तिनं फळ्यावर वार्षिकांकांतलं पाणी चढत्या क्रमानं मांडलं, गुडघा, कंबर, छाती. आणि त्याखाली तिनं लिहिलं, 'गळा. आज, प्राचार्य.' मग तिनं काकांचा आवाज लावला. पुस्तकं हिवाळ्यात आली होती, कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या लॉरीतून, आणि अडाणवर गाडी थांबली तेव्हा सर पाय धुवाले उतरले होते. पाणी घोट्याएवढं. "पोट्टे पुस्तकं वापस करत नव्हते," काका सांगत होते, "मंग सरनं पूर आनला. पुस्तकं आली ना."

प्राचार्यांनी चष्मा काढला आणि अगदी तुमच्या आवाजात विचारलं, "कोन म्हनते? नाव सांग."

सर, तिनं नाव सांगितलं. गाव सांगितलं, कधी भेटली ते सांगितलं, काका तेव्हा लॉरीत बसलेले होते हेही सांगितलं. आणि वर म्हणाली की हा एकाच माणसाचा शब्द आहे, दुसरा साक्षीदार मिळाला नाही, तेव्हा एवढ्यापुरतंच खरं धरा. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. प्राचार्य हसू लागले, हसता हसता त्यांनी डोळे पुसले. पुढच्या वर्धापनदिनाला मी काय बोलू मग, असं त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, हेच बोला सर, कोनं सांगतलं ते सांगून बोला. वाणिज्यवाल्यांनीच पहिला हात वर केला. पुढल्या वर्षापासून सगळ्या शाखांना हा वर्ग सक्तीचा.

तुमचा पूर गेला याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. तुम्ही पाय धुतलेत त्या घोटाभर पाण्यावर मी उभं आयुष्य काढलं, आणि ते बरं गेलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही मला उभं केलं असतं. सभेनंतर ग्रंथालयात यंदाच रुजू झालेल्या इंग्रजीच्या मॅडम आल्या. त्या सभेला नव्हत्या. दिवाळीपासून आमचं एक पुस्तक त्यांच्याकडे अडकलंय. उद्या आणते, परवा आणते, चाललंय. माझ्या तोंडून कसं निघून गेलं कळलंच नाही. म्हटलं, मॅडम, इथल्या पुस्तकांसाठी एक माणूस पुरात उभा राहिला होता. त्यांनी विचारलं, खरंच? मी हो म्हटलं. पाणी हनुवटीपर्यंत नेलं. तासाभरात पुस्तक परत आलं.