आधी दात बघा

लातूर, मंगळवार, दिवेलागण

हात अजून तेलकट आहेत, पण आजचं लिहायलाच हवं.

अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी फटफटी देवणीहून माझ्या गॅरेजात येऊन पडलीय. बॅटरी सारखी उतरते. बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला, तरी मीटरचा काटा चार्जिंगकडे सरकेना. सकाळी वैतागून अण्णांना फोनवर म्हणालो, विकून टाका आता.

दुपारी बायको, मीना, डबा घेऊन आली. ऐकून घेतलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, बैल वाळला म्हणून नुसती वैरण बदलून भागतंय व्हय? आमचे अण्णा आधी दात बघतात, वैरण चावायला येतीय का ते."

मी हसलो. मग हसू थांबलं. क्लचच्या बाजूनं खडखड येत होतीच, मी ती वयाची समजून सोडून दिली होती. कव्हर उघडलं. चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे दात झिजून आकड्यासारखे वाकडे झालेले, चेन लोंबलेली. त्याच कव्हरमध्ये चार्जिंगची कॉइल. ढिली चेन घासून घासून कॉइलची वायरच तुटलेली. काटा हलणार कसा?

मीनानं कधी पाना हातात धरलेला नाही. मग हे सुचलं कुठून? माहेरचा गोठा असा अंगात मुरतो का? लई कौतुक वाटलं.

नवी चेन, नवे स्प्रॉकेट टाकले, वायर जोडली, किक मारली. काटा हळूच उजवीकडे, चार्जिंगकडे झुकला. मी फोन काढेपर्यंत मीनानं स्वतःच लावला होता.

"अण्णा, इकू नका. पोटभर खायलीय."