हेडबाईंचं ‘नाइस’

३ मार्च, मधली सुट्टी.
हेडबाईंनी माझ्या पाठाच्या टाचणवहीवर लाल पेनानं एकच शब्द लिहिला : ‘नाइस.’ सात वर्षं हंगामी शिक्षक म्हणून घासली. आता पर्मनंट झालोच! बायकोला फोन केला. म्हणाली, ऑर्डर हातात येऊ दे, मग नाच.

५ मार्च.
सहज मोठी डिक्शनरी उघडली. ‘नाइस’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून. तिथे अर्थ : मूर्ख. छपाईची चूक असणार.

६ मार्च.
चूक नाही. फ्रेंचांनी तो लॅटिनमधून उचलला. ‘नेस्कियुस’, म्हणजे अडाणी. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. हेडबाई इंग्रजीच्या एम.ए. त्यांना हे ठाऊक नसेल? जेवलो नाही. बायको म्हणाली, अरे, चांगलं म्हटलंय त्यांनी, उगाच मढी उकरू नकोस. तिला ऑफिसातलं राजकारण कळत नाही.

९ मार्च, सकाळी ७.
आजपासून डिक्शनरी बंद. आठवीचे पेपर आजच तपासून संपवणार.

सकाळी ८.
फक्त एकच नोंद पाहिली. पंडितांच्या मते ‘स्किरे’चं मूळ ‘कापणं’. आपल्या संस्कृतातला ‘छिद्’ त्याच भावकीतला! म्हणजे हेडबाई माझा पत्ता कापणार. पेपर उद्या.

११ मार्च.
मी अडाणी का नाही, याचा अकरा पानी खुलासा लिहिला. लिहिताना आठवीला ‘मनात वाचा’ सांगितलं. वर्ग कमालीचा शांत. नंतर कळलं, निम्मा वर्ग मैदानावर होता.

१३ मार्च.
खुलासा दिला. हेडबाईंनी पहिलं पान वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, सर, ‘नाइस’ म्हणजे छान हो. मी म्हणालो, तेराशे साली नाही, मॅडम. आठवीचे पेपर कुठायत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी लॅटिन मिटवू. त्यांनी खुलासा मिटला आणि क्लार्कला आत बोलावलं. पटलेलं दिसतंय.

१८ मार्च.
ऑर्डर निघाली. शिवणाच्या बाईंच्या नावानं. माझं इंग्रजीही आता त्याच घेणार. क्लार्क म्हणाला, सर, तुमचंच नाव टाइप झालं होतं, तेरा तारखेला दुपारी बदललं.

घरी सांगितलं. वाटलं, बायको भडकेल. तिनं माझा डबा घासला, पुसून कोरडा केला आणि माळ्यावर ठेवून दिला.