वीज सर्व दिशांना

आई, आज तुझ्याशी विजेबद्दल बोलायचं आहे. तू म्हणशील, दुसरा विषय नाही मिळाला? नाही मिळाला. मी आता कोल्हापुरात कॉम्प्युटरवर काम करते. हवामानाच्या जुन्या नोंदी भोकं पाडलेल्या कार्डांवर आहेत. वीज कुठं, किती वाजता, कुठल्या दिशेला चमकली, सगळं नुसत्या आकड्यांत. मशीननं ते आकडे वाचून साध्या शब्दांत छापावेत, असा प्रोग्राम मी लिहिला. पहिल्यांदा एक रकाना सरकला आणि भर थंडीत गडगडाट छापून आला. साहेब म्हणाले, "बाई, पौषात पाऊस पाडलासा की!" सगळे हसले, मीही हसले.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, आणि पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते म्हणून आभाळ भरलं की तू मला घरात कोंडायचीस, वीज लोखंडावर जावी म्हणून अंगणात कोयता फेकायचीस. त्या दिवशी मात्र आपण नृसिंहवाडीच्या वाटेवरच्या रानात होतो. वळवाचं आभाळ अंगावर आलं. "खोपीत जा, भायेर येऊ नगंस!" असं ओरडून तू चिंचेखालची म्हैस सोडायला धावलीस. मी खोपीतून बघते आहे. तुझा हात दाव्यावर आहे, आणि मग नुसता पांढरा उजेड. राख सावडून आल्यावर चुलती सगळ्यांसमोर म्हणाली, "ईज पोरीसाठीच आलती. आईनं अंगावर घेतली." कुणी तिला गप्प केलं नाही, वडिलांनीही नाही. मीच तुला मारलं, असं मानत मी मोठी झाले.

गेल्या आठवड्यात प्रोग्राम नीट चालला आणि आपल्या भागातली, तुझ्या तारखेची ओळ इंग्रजीत छापून आली. दुपारपासून गडगडाट. वीज सर्व दिशांना. एवढंच. मी खुर्चीतच रडले. सर्व दिशांना, आई. म्हणजे ती मला हुडकत आली नव्हती. कागद घेऊन जयसिंगपूरला चुलतीकडे गेले, मराठी करून वाचून दाखवला. ती आता थकली आहे. म्हणाली, "कागदाला काय कळतंय गं? तू पायाळूच की." इतका संताप आला की चहा न घेताच एसटी पकडली.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. त्या कागदावर माझा विश्वास आहे. पण काल मंगळवार पेठेवर आभाळ गडगडायला लागलं, आणि माझी मुलगी घाबरून कुशीत शिरायला आली. मी तिला ढकललं, बापाकडे जा म्हटलं, आणि पलीकडच्या भिंतीला टेकून एकटी बसले. ती हात पसरून रडत होती. मी जागची हलले नाही.