बाळाआधीची गोळी

प्रिय कोंपाद्रे एर्मिलो यांस,

आपल्या शाळेच्या दारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर मास्तर बोल्ट आपटायचे, तो ठणठणाट आज पहाटे पुन्हा कानात वाजला आणि पाठोपाठ अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला. (डॉक्टर म्हणतात, कानात मळ आहे. त्यांना कविता कुठली कळायला!) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे सर्व क्षेम. फक्त तुम्ही धर्मपिता म्हणून बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलेल्या मारिक्रूसचं, माझ्या नातीचं, लग्न मोडायला आलंय.

त्याचं असं झालं. रविवारी इसाउरोकडची मंडळी मागणी घालायला आली. गोड पावाच्या टोपल्या, चॉकलेट, मेणबत्त्या, सगळं रीतीप्रमाणे. आपण टोपल्या उतरवून घेतल्या की मुलगी दिली, हे तुम्ही जाणताच. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्याने दोन शब्द बोलायचे असतात आणि वडीलधारा मी. दोन शब्दांत माझं कधी भागलंय? आता मारिक्रूस काही दिवसांपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेते. बाळाचा कणा आईला दिवस गेल्याचं कळायच्या आतच जुळतो, म्हणून गोळी आधीपासून घ्यायची, असं आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला सांगितलंय. तिच्या आईचं पहिलं बाळ उघड्या पाठीचं जन्मलं, फार जगलं नाही. ती छोटी पेटी तुम्हीच खांद्यावर नेली होती. त्यामुळे पोरीचं हे शहाणपण मला फार भावलं. त्यात यमकही जुळलं. उभा राहिलो आणि म्हणालो:

नात माझी गुणाची, तिला उद्याची जाण,
येणाऱ्या बाळासाठी गोळी घेते छान!

(दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होते, मान्य.)

"येणाऱ्या?" मुलाची आजी दोन्या तोमासा म्हणाली. "कधी येणाऱ्या?"

मुलाच्या काकाने बोटांवर महिने मोजायला घेतले. इसाउरोने टोपी नाकापर्यंत ओढली. मारिक्रूस समजावू लागली, तर म्हातारी कडाडली, "आमच्यात बाळंत झाल्यावर कोंबडीचं सूप देतात, बाई! लग्नाआधी गोळ्या कसल्या खाता?" आणि टोपल्या उचलल्या.

"न्या, आजी," मारिक्रूस म्हणाली. "पण गोळी मी सोडणार नाही." मग माझ्याकडे वळून, "आजोबा, यापुढे तुम्ही गद्यात बोला."

इसाउरो रोज संध्याकाळी कुंपणापाशी येतो, "गोळी घेतलीस?" एवढंच विचारतो आणि घरचं कुणी बघायच्या आत पळतो. मुलगा चांगला आहे, पण आजीपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते.

तुमचा,
फिदेन्सियो

ता.क. हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की दोन्या तोमासा तुमचं ऐकते. (तरुणपणी जत्रेत ती तुमच्याबरोबरच नाचायची, आणि तेही माझ्या कविता ऐकून झाल्यावर.) या रविवारी या आणि तिची समजूत काढा. भाषण तुम्हीच करा. मी तोंड उघडलं तर त्यात पाव कोंबा.

आणखी एक. दार वाजलं म्हणून उठलो होतो. दारात साक्षात दोन्या तोमासा! टोपली नाही, काका नाही. शालीआड तिची धाकटी सून, डोळे सुजलेले. (गेल्या वर्षी तिचं मूल गेलं, एवढंच गावाला ठाऊक होतं. कशाने, ते त्या घराने कधी सांगितलं नाही.)

"डॉन फिदेन्सियो, कविता नको," म्हातारी पुटपुटली. "नातीला हाक मारा. हिला त्या नर्सकडे जायचंय, आणि एकटीने जायला घाबरते."